मागच्याची घाई, पुढच्याची पाठ

सावकाश:

गेल्या आठवड्यात एका काउंटरसमोरच्या रांगेत उभी असताना माझ्या टाचेला मागून ट्रॉलीचे चाक लागले. चूक कोणाकडूनही होते, म्हणून मी अर्धे पाऊल पुढे सरकले. त्याबरोबर ट्रॉलीही अर्धे पाऊल सरकली आणि चाक पुन्हा टाचेला टेकले. माझ्यापुढे चार माणसे होती, ती जागची हलली नव्हती आणि माझ्या टाचेला चाक लावल्याने ती हलणारही नव्हती; तरीही पुढची दहा मिनिटे मी जेवढी सरकत होते तेवढेच ते चाक सरकत राहिले, जणू मीच त्या रांगेचे बंद पडलेले इंजिन होते आणि मागून धक्का दिला की सगळी रांग सुरू होणार होती. शेवटी वळून पाहिले, तर ट्रॉलीमागच्या बाई मोबाइलमध्ये डोके घालून उभ्या होत्या. त्यांना घाई अशी नव्हतीच, आणि हे कळल्यावर माझा राग कमी होण्याऐवजी वाढला.

तेव्हापासून मी अशा प्रसंगांची मनातल्या मनात नोंद ठेवू लागले आहे. लिफ्टचे दार उघडताच आतल्यांना बाहेर पडू न देता आत घुसणारे लोक, सिग्नल हिरवा होण्याच्या आधीच वाजणारा हॉर्न, विमान थांबल्याबरोबर उठून वरच्या कप्प्याखाली मान तिरकी करून पंधरा मिनिटे उभे राहणारे प्रवासी, आपण दार धरून ठेवले असता त्यातून असे निघून जाणारे की दार जणू आपोआपच उघडे राहिले होते, आणि आपले वाक्य अर्ध्यावर असताना ते परस्पर पूर्ण करून त्याचे उत्तरही देऊन टाकणारे. यातली प्रत्येक गोष्ट इतकी लहान आहे की तिची तक्रार करणाराच हास्यास्पद ठरतो, आणि बहुधा म्हणूनच त्या मनात साठून राहतात.

मात्र माझ्या स्वतःच्या उतावीळपणाचा एक प्रसंग मी सांगितला नाही, तर हे सगळे लेखन लबाडीचे होईल. काही महिन्यांपूर्वी माझ्यापुढे एक आजोबा पैसे देत होते. त्यांनी पाकिटातली नाणी तळहातावर घेतली होती आणि ते एकेक नाणे अंगठ्याने बाजूला सारून मोजत होते. मध्येच त्यांचा हिशेब चुकला, तेव्हा त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी काही बोलले नाही, फक्त एक सुस्कारा सोडला. तो त्यांना ऐकू गेला. त्यांनी मूठ मिटली, ते एक पाऊल बाजूला झाले आणि म्हणाले, "बाळ, तू हो पुढे." आणि मी खरोखरच पुढे झाले. त्या दिवशी मला कोठेही वेळेवर पोहोचायचे नव्हते.

त्यामुळे मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सार्वजनिक ठिकाणच्या उतावीळपणात तुम्हाला नेमके काय बोचते, वाया गेलेला वेळ की आणखी काही? आणि अशा वेळी तुम्ही बोलता का, बोलत असाल तर कोणत्या शब्दांत? उपदेश नको आहे, तो मी स्वतःला भरपूर केलेला आहे. आपापले अनुभव सांगावेत.

खिडकीपलीकडून:

मी एका खिडकीच्या आतल्या बाजूला बसून काम करते. कोणती खिडकी, ते सांगण्याची गरज नाही, कारण काचेतून दिसणारे दृश्य सगळीकडे सारखेच असते. माझ्यासमोर एक माणूस उभा असतो, त्याचे काम चालू असते आणि काचेच्या कडेने एक हात आत येतो. त्या हातात एक कागद असतो. हाताच्या मालकाचा चेहरा मला दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो: "एकच विचारायचंय."

इतक्या वर्षांत ते "एकच" खरोखर एकच निघाल्याचे मला फारसे आठवत नाही. पहिला प्रश्न असतो, "हा अर्ज इथेच द्यायचा ना?" हो म्हटले की दुसरा येतो, "मग एवढा बघून घ्या ना." तोपर्यंत समोरच्या माणसाची सही अर्धवट राहिलेली असते आणि माझे बोट त्याच्या नावावरून घसरून खालच्या ओळीवर गेलेले असते. मी आता हाताकडे पाहतच नाही. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत काम पूर्ण करते आणि मग सांगते, "यांचे झाले की रांगेतून या, तुमचेही करते." काही जण चिडतात. पण मी हाताला उत्तर दिले, तर उद्या खिडकीत दहा हात असतील, हे मला अनुभवाने माहीत झाले आहे.

बाहेरच्यांना बहुधा दिसत नाही अशी एक गोष्ट सांगते. मध्ये घुसणाऱ्याला थांबवायचे की नाही, हे जवळजवळ नेहमी एकच माणूस ठरवतो, आणि तो म्हणजे घुसणाऱ्याच्या लगेच मागे उभा असलेला. तो बोलला तर मागचे चार जण बोलतात. तो गप्प राहिला तर सगळी रांग आपापल्या बुटांकडे पाहू लागते, कारण प्रत्येकाला वाटते की ज्याची जागा गेली त्याचीच हरकत नाही, तर आपण कोण लागून गेलो. हा केवळ माझा समज असेल असे मला वाटत होते, परंतु स्टॅन्ली मिलग्रॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसले होते. त्यांनी न्यू यॉर्कमधल्या खऱ्याखुऱ्या रांगांत आपली माणसे घुसवून पाहिली. एकटा माणूस घुसला तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक रांगांत कोणीतरी हरकत घेतली. पण घुसणाऱ्याच्या मागे अभ्यासकांचीच दोन माणसे मुद्दाम गप्प उभी केली, तेव्हा हरकत घेणारा क्वचितच निघाला.

तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल सांगायचे, तर मला उतावळ्या माणसांचा त्रास तितका होत नाही. त्यांना निदान माझ्याकडून काहीतरी हवे असते. मला बोचतो तो फोनवर बोलत खिडकीशी येणारा माणूस, जो बोलणे न थांबवता कागद पुढे सरकवतो, मी काही विचारले तर बोट वर करून मलाच थांबायला सांगतो आणि काम झाल्यावर मान न हलवता निघून जातो. त्या चार मिनिटांत खिडकीच्या या बाजूला कोणी बसलेले आहे, हे त्याला एकदाही जाणवलेले नसते.

आकडेमोड:

भावनांवर मला फारसे बोलता येत नाही, पण रांग हा माझ्या आवडीचा विषय आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

रांगेच्या शास्त्राचा उगम दुकानात किंवा कार्यालयात झालेला नाही, तो टेलिफोनच्या तारांत झाला. एरलांग हे डॅनिश गणितज्ञ कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत, आणि १९०९ मध्ये त्यांनी फोन किती आणि कसे येतात याचे संभाव्यतेचे गणित मांडले. पुढे त्यातूनच प्रतीक्षेचे सगळे शास्त्र उभे राहिले. त्यातला एक साधा निष्कर्ष असा आहे की खिडकी जितकी भरलेली, तितकी प्रतीक्षा वाढते, हे जरी खरे असले तरी ती सरळ रेषेत वाढत नाही. माणसे मनाला येईल तेव्हा येतात आणि प्रत्येकाच्या कामाला कमीजास्त वेळ लागतो असे धरले, तर एकच खिडकी ऐंशी टक्के वेळ कामात असताना रांगेत सरासरी चार कामांइतका वेळ थांबावे लागते, आणि तीच नव्वद टक्के भरली की नऊ कामांइतका. एका कामाला दोन मिनिटे लागत असतील, तर आठ मिनिटांची अठरा मिनिटे होतात. वरच्या ताईंनी सांगितलेले "एकच विचारायचंय" हे त्या शेवटच्या दहा टक्क्यांत येऊन बसते. विचारणाऱ्याला वाटते की आपण अर्धे मिनिट घेतले; प्रत्यक्षात ते अर्धे मिनिट मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाकडून वेगवेगळे घेतलेले असते.

दुसरी गोष्ट म्हणजे "शेजारची रांग नेहमी आपल्यापेक्षा पुढे सरकते" ही तक्रार. ती खरी आहे आणि तिच्यात नशिबाचा काही दोष नाही. समोर तीन रांगा असतील, तर तुमची रांग सर्वांत जलद असण्याची शक्यता तीनात एक, म्हणजे तीनपैकी दोन वेळा कोणती ना कोणती दुसरी रांग तुमच्यापुढे जाणारच. यावर उपाय म्हणून सगळ्या खिडक्यांसाठी मिळून एकच रांग लावतात. तिच्यात वेळ तर वाचतोच, पण मला वाटते त्याहून मोठा फायदा असा की मागून आलेल्या कोणाचा क्रमांक आपल्याआधी लागत नाही. व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ मध्ये प्रतीक्षेच्या मानसशास्त्रावर एक गाजलेले टिपण लिहिले, त्यात त्यांनी म्हटले आहे की रिकामा गेलेला वेळ कामात गेलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, किती थांबायचे ते माहीत नसले तर आणखी लांब वाटतो, आणि अन्यायाने थांबावे लागले तर त्याहूनही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे. मिनिटे कोणी मोजत नाही, आपला क्रम मात्र प्रत्येक जण मोजतो.

सिग्नलच्या हॉर्नबद्दलही एक गणित आहे. हिरवा दिवा लागल्यावर सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत, कारण प्रत्येक चालक पुढची गाडी हललेली पाहून मग आपली हलवतो. एकामागून एक गाडी पुढे जायला साधारण दोन सेकंद लागतात, असे वाहतुकीचे अभियंते धरून चालतात. म्हणजे दहाव्या गाडीला सुमारे वीस सेकंद थांबावेच लागणार, आणि नेमकी तीच गाडी पहिल्या सेकंदाला हॉर्न वाजवत असते. दहा किलोमीटरचे अंतर ताशी पन्नासऐवजी साठच्या वेगाने कापले, तर वाचतात दोन मिनिटे, तीही वाटेत एकही सिग्नल लागला नाही तर.

मागच्या गाडीने पुढच्या गाडीला चिकटून राहण्याचा परिणाम तर डोळ्यांनी पाहता येतो. जपानमधील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटरच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ गाड्या ठेवल्या आणि सगळ्यांना सारख्या वेगाने फिरायला सांगितले. रस्त्यात अडथळा नव्हता, सिग्नल नव्हता, कोणी मध्ये घुसत नव्हते. तरीही थोड्याच वेळात कोंडी तयार झाली आणि ती गाड्यांच्या उलट दिशेने, एका गाडीकडून मागच्या गाडीकडे, सरकत राहिली. कोणीतरी किंचित अधिक जवळ गेला, त्याने किंचित ब्रेक लावला, मागच्याने थोडा जास्त लावला, आणि काही गाड्यांनंतर एक गाडी पूर्ण थांबली. तुमच्या टाचेला चाक लावणाऱ्या बाईंना हे सांगितले, तरी त्यांनी मोबाइलमधून डोके वर काढले असते की नाही, शंकाच आहे.

हॉर्नवाला:

वरच्या प्रतिसादातली दहावी गाडी माझी आहे, असे समजून हे वाचावे.

सगळे जण उतावळ्यांवर तुटून पडले आहेत, म्हणून मंद माणसांच्या वतीने नव्हे, तर त्यांच्याविरुद्ध दोन शब्द लिहितो. सरकत्या जिन्यावरून वर पोहोचताच, नेमक्या त्याच ठिकाणी, डावीकडे जावे की उजवीकडे याचा विचार करत थांबणारा माणूस सभ्य म्हणावा काय? त्याच्या मागची माणसे थांबू शकत नाहीत, कारण त्यांच्या पायांखालचा जिना थांबत नाही. अरुंद पायवाटेवरून चौघे जण हातात हात घालून आडवे चालतात, ते फार निवांत असतात आणि त्यांना कोणाचीही घाई नसते, पण त्यांनी सगळी वाट अडवलेली असते. रांगेत वीस मिनिटे उभे राहून आपला क्रमांक आल्यावर, रक्कम ऐकल्यावर, मग पिशवीत पाकीट शोधायला सुरुवात करणारे लोक तर सगळ्यांनी पाहिले असतील. पैसे द्यावे लागणार आहेत ही बातमी त्यांना तेथेच कळते. माझे म्हणणे एवढेच आहे की घाई हा गुन्हा ठरवू नये. मागे कोणीतरी आहे याचा विसर पडणे हा दोष आहे, आणि तो सावकाश चालणाऱ्यांतही तितकाच आढळतो.

आता माझी स्वतःची गोष्ट. एकदा सिग्नलवर माझ्या पुढची गाडी हिरव्या दिव्यानंतर हलली नाही. मी हॉर्न वाजवला आणि तो नुसता वाजवला नाही, दाबून धरला. गाडी हलली, मी तिच्यामागे निघालो. ती डावीकडे वळली, मलाही डावीकडेच वळायचे होते. ती एका इमारतीच्या फाटकात शिरली, माझीही मुलाखत त्याच इमारतीत होती. तळघरात ती गाडी उभी राहिली, तिच्या शेजारची एकच जागा रिकामी होती. मी मुद्दाम गाडीतच बसून पाय हलवत राहिलो, म्हणजे ते गृहस्थ आधी निघून जातील. पण मी लिफ्टपाशी पोहोचलो तेव्हा दार बंद होत होते, आणि आतून एका हाताने बटण दाबून ते पुन्हा उघडले. हात त्यांचाच होता. त्यांनी विचारले, "कितवा?" मी म्हणालो, "नववा." त्यांनी बटण दाबले नाही, कारण ते आधीच दाबलेले होते.

नऊ मजले म्हणजे किती वेळ असतो, याचे गणित आकडेमोड यांनी करून सांगावे. मी आकडे बदलताना पाहत होतो, तेही आकडेच पाहत होते. त्यांनी मला ओळखले होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यानंतर मी हॉर्न वाजवणे सोडलेले नाही, उगाच खोटे कशाला सांगू. पण दाबून धरणे मात्र सोडले.

तिसरा पाय:

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर गेली तीन वर्षे मी काठी घेऊन चालतो, त्यामुळे तुम्ही ज्याला "पुढचा माणूस" म्हणता, तो बहुतेक वेळा मीच असतो. तेव्हा त्याची बाजूही ऐकून घ्यावी.

मागून येणाऱ्याची घाई मला न पाहताच कळते. जिना चढताना पावलांचा आवाज जवळ येतो, मग माझ्या पावलांशी जुळवून घेतो आणि मग त्यात एक छोटासा अडखळणारा ठेका येतो. म्हणजे मागच्याला पुढे जायचे आहे, पण बोलायचे नाही. त्या आवाजाने माझी काठी चुकते. "जरा जाऊ द्या" असे कोणी सरळ म्हटले, तर मी कठड्याला धरून कडेला होतो आणि दोघांचेही काम होते. मला त्यात काडीचाही अपमान वाटत नाही. सुस्काऱ्याने मात्र वाटतो. शब्दाला उत्तर देता येते, सुस्काऱ्याला काय उत्तर देणार? सावकाश, तुमच्या त्या आजोबांनी "तू हो पुढे" म्हटले, ते सौजन्याने म्हटले असेलही. पण अनेकदा मीही तसे म्हणतो, आणि त्याचा अर्थ "माझ्या मानेवरून तुझा श्वास काढ" असा असतो. तुम्ही पुढे झालात याचे फार वाईट वाटून घेऊ नका. पाठीमागे कोणी ताटकळत नसताना नाणी पहिल्या झटक्यात मोजून होतात, हे मी स्वानुभवाने सांगतो.

आणखी एक बोच आहे, ती कोणी सांगत नाही. उतावळेपणाने केलेली मदत. मी रस्ता ओलांडायला उभा असतो, ओलांडायचा की नाही हे माझे ठरत असते, आणि अचानक कोणीतरी माझा दंड धरून चालू लागते. त्या माणसाचा हेतू चांगला असतो, म्हणून त्याला काही बोलताही येत नाही. पण तो माझ्या गतीने चालत नसतो, तो मला त्याच्या गतीने नेत असतो, आणि पलीकडे पोहोचल्यावर तो समाधानाने निघून जातो तेव्हा मी श्वास घेत उभा असतो. एकदा तर मला पलीकडे जायचेच नव्हते. आधी विचारायला एक सेकंद लागतो.

वाचनाची आवड असल्यामुळे एक जुना प्रयोग माहीत आहे, तो येथे सांगण्याजोगा आहे. डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटेसे भाषण द्यायला सांगितले होते. काहींच्या भाषणाचा विषय वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली कथा हाच होता. आणि त्यांच्या वाटेत एक माणूस दारात वाकून, खोकत, कण्हत बसवलेला होता. "अजून वेळ आहे" असे सांगितलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी त्याला मदत देऊ केली, तर "उशीर झाला आहे, लवकर जा" असे सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांनी. भाषणाचा विषय कोणता होता, याने फारसा फरक पडला नाही. त्या दहा टक्क्यांबाहेरचे सगळे वाईट होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्यातल्या काहींना तो माणूस दिसला असेल, पण मदतीची गरज असलेला माणूस म्हणून दिसला नसेल. म्हणून हॉर्नवाला यांचे म्हणणे मला अर्धेच पटते. विसर पडणे हा दोष खरा, पण तो विसर पाडण्याचे काम बहुतेक वेळा घाईच करते.

शेजारचे आसन:

थोडक्यात लिहितो. प्रवासात शेजारी बसून फोनवर बोलणाऱ्यांचा त्रास का होतो, हे मला बरेच दिवस कळत नव्हते, कारण शेजारी दोघे जण आपसांत गप्पा मारत असतील तर मला छान झोप लागते. २०१० मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की संवादाची एकच बाजू ऐकू आली, तर लक्ष अधिक विचलित होते, कारण पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येत नाही आणि मेंदू तो बांधत राहतो. "मग तिने काय केलं? … नाही! … आणि डॉक्टर?" एवढे ऐकून कोणाला झोप लागेल? या न्यायाने स्पीकरवर बोलणारे माझ्यावर उपकारच करतात, कारण दोन्ही बाजू ऐकू येतात. मात्र परवा एका गृहस्थांच्या फोनवर कोणाची तरी संपूर्ण घटस्फोटाची हकिकत ऐकून मी उतरलो, आणि माझे ठिकाण मागेच गेले होते.

सावकाश:

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके तपशिलात कोणी लिहील, असे वाटले नव्हते.

तिसरा पाय काका, आजोबांच्या त्या वाक्याचा तुम्ही लावलेला अर्थ वाचून प्रथम धक्का बसला आणि नंतर तोच खरा असावा असे वाटले. त्यांनी मूठ मिटली होती, ती रागाने मिटली असावी, हे मला तेव्हा सुचलेच नाही. माझ्या आठवणीत मी त्यांना फारच सात्त्विक करून ठेवले होते.

बोलण्याच्या शब्दांबद्दल कोणी फारसे लिहिलेले नाही, म्हणून मी दोन दिवसांत जे करून पाहिले ते सांगते. "रांग आहे इथे" असे म्हटले, तर समोरचा भांडायला उभा राहतो, कारण त्यात तो चोर ठरतो. "तुम्ही रांगेत आहात का?" असे विचारले, तर त्याला "अरे, रांग आहे का?" असे म्हणून मागे जायची वाट मिळते, त्याला रांग दिसली होती हे दोघांनाही ठाऊक असते, पण ते कोणाला सिद्ध करावे लागत नाही. ट्रॉलीच्या बाबतीत मात्र मी हरले. काल पुन्हा एकाचे चाक टाचेला लागले, मी वळून हसले, तर ते गृहस्थही प्रसन्नपणे हसले आणि चाक तेथेच ठेवून उभे राहिले.

खिडकीपलीकडून यांना एक विचारायचे आहे, आणि खरोखर एकच. ज्याला खरेच तातडी आहे, त्याने काय म्हणावे?

खिडकीपलीकडून:

मला नव्हे, रांगेला म्हणावे. माझ्याकडे येऊन परवानगी मागणारा माणूस दुसऱ्यांचा वेळ माझ्याकडून मागत असतो, आणि तो द्यायचा अधिकार मला नाही. रांगेतल्या पहिल्या माणसाला खरे कारण सांगून विचारले, तर बहुतेक जण हो म्हणतात, हे मी काचेतून रोज पाहते.

कारणाबद्दलही एक गंमत आहे. एलन लँगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॉपी काढायच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्यांना कोणीतरी मध्येच येऊन विचारत असे, "मला पाच पाने आहेत, मी आधी काढू का?" तेव्हा ६० टक्के लोकांनी जागा दिली. "कारण मला प्रती काढायच्या आहेत" एवढे निरर्थक कारण जोडले, तर ९३ टक्के लोकांनी दिली. पाने पाचऐवजी वीस केली, तेव्हा मात्र त्या पोकळ कारणाचा काही उपयोग झाला नाही. २४ टक्क्यांनी जागा दिली, म्हणजे काहीच कारण न सांगता जेवढ्यांनी दिली होती तेवढ्यांनीच. खरे कारण सांगितल्यावर मात्र ४२ टक्क्यांनी दिली. लोक लहान मागणीला सहज हो म्हणतात, मोठ्या मागणीच्या वेळी ऐकू लागतात. ज्यांचे खरेच तातडीचे असते ते बहुधा लाजून सगळ्यात मागे उभे राहतात, हा माझा अनुभव मात्र कोणत्याही अभ्यासात वाचलेला नाही. गेल्या महिन्यात एक मुलगी तासभर रांगेत उभी होती. तिचा क्रमांक आल्यावर कळले की तिची गाडी वीस मिनिटांनी सुटणार होती. तिने कोणालाच विचारले नव्हते.

आकडेमोड:

हॉर्नवाला यांनी विचारले आहे म्हणून सांगतो. लिफ्ट मजल्यामागे सुमारे तीन सेकंद घेत असेल, तर तळघर धरून नवव्या मजल्यापर्यंत साधारण अर्धे मिनिट होते. माइस्टर यांच्या हिशेबाने ते किती वाटले असेल, ते त्यांनीच सांगावे.

सावकाश:

हॉर्नवाला, मलाही राहवत नाही म्हणून विचारते. त्या अर्ध्या मिनिटात तुम्ही त्यांना काहीच बोलला नाहीत?

हॉर्नवाला:

नाही. "मघाशी हॉर्न वाजवला तो मीच" हे वाक्य चौथ्या मजल्यापर्यंत तयार झाले होते, सातव्या मजल्यापर्यंत ते फार लांबले आणि नवव्याला दार उघडले. दोघेही एकाच वेळी पुढे झालो. मी थांबून त्यांना हाताने "आधी तुम्ही" अशी खूण केली. ते म्हणाले, "नको, तुम्हाला घाई आहे."